आत्याबाई सरावाला बसल्या

कुंडलच्या आमच्या गल्लीनं निरोप पुष्कळ बघितलेत. पोरगं मिलिटरीत निघालं की बायका ओवाळतात, पोरगी सासरी निघाली की रडतात. पण सासू आणि सून एकाच टेम्पोत बसून निघाल्यात आणि सासरा दारात म्हशीचं दावं धरून उभा आहे, असा निरोप गल्लीनं आजवर बघितला नव्हता. शेजारच्या कमलकाकू पदर डोळ्याला लावून तयार होत्या, पण नेमकं कुणासाठी रडायचं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्या म्हशीकडं बघून रडल्या.

टेम्पो चुलत दीर धनाजीचा. त्यात दोन गाद्या, शेगडी, माझ्या लेकीची, स्वराची, तीनचाकी सायकल, चटणीची बरणी आणि आत्याबाईंनी सगळ्यांची नजर चुकवून चढवलेला पाटा-वरवंटा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई आणि मामा म्हणजे सासरे. आमच्याकडं असंच म्हणतात. मामा टेम्पोजवळ आले, स्वराचा मुका घेतला आणि मला म्हणाले, "वर्सानं या. तवर म्हस मी बगतो." बायकोकडं बघून काहीच बोलले नाहीत. आत्याबाईंनीही त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "पेंड कोपऱ्यात हाय. भिजवून घाला."

मागं राहिलेल्या माझ्या जावांनो, आणि माझ्यासारख्या घर सोडून बाहेर पडलेल्या सगळ्यांनो, त्या वर्षाच्या गावात बऱ्याच गोष्टी पसरल्यात. मला साताऱ्यात येड लागलं इथपासून ते आत्याबाई डॉक्टरीण झाल्या इथपर्यंत. त्यातली म्हशीची तेवढी खरी आहे. म्हणून सगळंच सांगते.

मानसशास्त्र मी कॉलेजात घेतलं ते इतिहासाची तुकडी भरली म्हणून. पण पहिल्याच वर्षी लक्षात आलं की आपण भावकीत रोज जे बघतो त्या प्रत्येक प्रकाराला पुस्तकात नाव आहे. मग सोडवेना. लग्नानंतर सांगलीला जाऊन-येऊन एम.ए. केलं. मिस्टर, विकास, मिलिटरीत हवालदार, ते म्हणायचे, "शीक की, कोण नको म्हणतंय?" असं म्हणायला त्यांचं काय जातंय, ते तिकडं बर्फात. मग साताऱ्यातल्या एका संस्थेत शिकाऊ म्हणून माझी निवड झाली. ही संस्था खेड्यापाड्यांत मनाच्या दुखण्यांवर काम करते. वर्षभर साताऱ्यात शिकायचं, आणि आठवड्यातले काही दिवस वडूज-औंधकडच्या दवाखान्यांत मोठ्यांच्या हाताखाली बसून काम करायचं.

घरात ही बातमी सांगितली तेव्हा मामा जेवत होते. भाकरीचा घास हातातच राहिला.

"म्हंजी शान्या मानसानं येड्यांत जाऊन बसायचं," ते म्हणाले, "आन् वर त्याचं शिक्शान घ्यायचं?"

"आवं मामा, ट्रेनिंग हाय ते. एक वर्साचं."

या एका शब्दानं काम झालं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या मिलिटरीत. ट्रेनिंग म्हटलं की आमच्याकडं कुणी का, कशाला, कुठं असं विचारत नाही. फक्त कपडे किती न्यायचे ते विचारतात. स्वराला सांभाळायला आत्याबाई बरोबर येणार हेही त्याच जेवणात ठरलं. ते कुणी ठरवलं हे मला आजही नीट आठवत नाही. आत्याबाईंना कुणी विचारलं नव्हतं, एवढं नक्की आठवतं.

साताऱ्यात शाहूपुरीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. पहिल्या दिवशी आत्याबाई नेहमीप्रमाणं पहाटेच उठल्या आणि खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. धार नाही, शेण नाही, वैरण नाही. त्यांनी खोली झाडली, मग जिना झाडला, मग खालच्यांचं अंगण झाडलं. खालच्या बाईंना वाटलं मालकांनी झाडायला बाई ठेवली. त्यांनी आणखी दोन बादल्या पाणी आणायला सांगितलं. आत्याबाईंनी तेही आणून दिलं. पंधरा दिवसांनी त्या उजाडल्यावर उठायला लागल्या. महिन्यानं मी चहा करून हाका मारायची आणि त्या गोधडीतून म्हणायच्या, "येतीया गं. काय आग लागलीया का?"

आमच्या शिकवणाऱ्या गोडबोले मॅडम वाईच्या. त्यांचं मराठी असं की प्रत्येक शब्द इस्त्री करून कपाटातून काढल्यासारखा. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, त्याचं चूक-बरोबर ठरवायचं नाही, आणि तो गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. मी घाबरले. कुंडलमध्ये दोन माणसं समोरासमोर बसून गप्प असली तर तिसरा येऊन विचारतो, कोण गेलं?

पहिल्या सरावात एक मुलगी माझ्यासमोर उदास बाई होऊन बसली. म्हणाली, "मला काही करावंसं वाटत नाही." मी म्हटलं, "आवं, जेवलाय का पर तुमी?"

"शुभांगी, हा सल्ला झाला," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, चौकशी झाली."

मॅडम हसल्या. पण पुढच्याच वाक्याला मी त्या मुलीला माहेरी चार दिवस जाऊन यायला सांगितलं, तेव्हा नाही हसल्या.

आमच्या तुकडीत अमेय नावाचा एक पोरगा होता. सांगलीचाच, पण शहराच्या जुन्या पेठेतला, गावभागातला. कुंडलहून तिथं जायला फार तर तासभर लागेल, पण बोलण्यात आमच्यामध्ये समुद्र. तो सल्ला कधीच द्यायचा नाही, मध्ये कधीच बोलायचा नाही, मान हलवत ऐकायचा. मॅडम त्याचं उदाहरण द्यायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. मग आम्ही वडूजला गेलो.

वडूजच्या दवाखान्यात आम्हाला एक खोली दिली होती. शेजारी डोळे तपासायची खोली. आमच्या दाराशी कुणी बसायचं नाही. बसलं तर गाव म्हणणार, ह्याचं डोकं फिरलंय. त्यामुळं आमचे पेशंट डोळ्यांच्या रांगेत बसायचे आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून हळूच आमच्याकडं शिरायचे. पहिले एक आबा आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

अमेय पुढं वाकून म्हणाला, "आत्ता, या क्षणी, तुम्हाला नेमकं कसं वाटतंय?"

आबा त्याच्याकडं बघत राहिले. "कसं वाटतंय म्हंजी? बरं वाटत असतं तर हितं कशाला आलो असतो, गड्या?"

अमेयनं माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "आबा, झोप लागती का?" न्हाई. "जेवान जातं का?" न्हाई. "कवापास्नं?" आणि आबा जे सुरू झाले ते अर्धा तास थांबले नाहीत. बाहेर आल्यावर मी जरा तोऱ्यात होते. पण त्याच दुपारी एका बाईला मी तिच्या नवऱ्याशी कसं वागायचं ते सविस्तर सांगितलं आणि ती उठून गेली. तिला परत आणायला अमेय दारापर्यंत गेला, आणि तिच्यासमोर नुसता गप्प बसला. तेव्हा ती बोलली. एकंदरीत आम्हा दोघांचा मिळून एक बरा माणूस होत होता.

पेशंटचं बाहेर काही सांगायचं नाही हा आमचा पहिला नियम. एकीचं सांगते, तेही तिला विचारून. ती म्हणाली, "डोळ्यास्नी पानी येतंय सारखं." अमेयनं तिला अदबीनं शेजारच्या खोलीत पोचवलं. थोड्या वेळानं शेजारच्या खोलीनं तिला परत पाठवलं: डोळे चांगले आहेत, तुमच्याकडचंच काम आहे.

तर आत्याबाई. मॅडमना सरावासाठी बाहेरची माणसं लागायची, कारण एकमेकांसमोर रडून रडून आम्ही एकमेकांना पाठ झालो होतो. एक दिवस मी डबा विसरले आणि आत्याबाई स्वराला घेऊन तो द्यायला आल्या. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली.

"आजी, आम्हाला जरा मदत कराल? समजा, तुम्ही अशा एक बाई आहात की ज्यांना झोपच लागत नाही."

"मला तर पडल्या पडल्या लागती."

"हो, पण समजा नाही लागत."

"समजा कसं? लागती न्हवं!"

मॅडम हतबल झालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. मग मीच म्हटलं, "आवं आत्याबाई, जत्रंत सोंग घेत्यात न्हवं? तसं."

"असं व्हय! सोंग म्हना की मग." त्यांनी पदर सारखा केला, खुर्चीत खाली सरकल्या, आणि बघता बघता आमच्यासमोर एक परकी म्हातारी बसली. तिचा पोरगा पुण्याला गेला होता, सुनेनं फोन बंद केला होता, गुडघा धरला होता आणि नथ चोरीला गेली होती. समोर बसलेली आमची मुलगी ऐकता ऐकता हुंदके द्यायला लागली. तशी आत्याबाई ताडकन सरळ झाल्या आणि तिचे डोळे पुसत म्हणाल्या, "रडू नगं बाळा, समदं खोटं हाय."

त्या दिवसापासून त्यांना मागणी आली. दर आठवड्याला त्या इस्त्रीचं लुगडं नेसून सरावाला यायच्या. आज कोण व्हायचं, ते मॅडमना विचारायच्या. एकदा त्या संतापलेला सासरा झाल्या, आणि तो इतका मामांसारखा झाला की मी पदर शोधायला लागले. मी ड्रेसवर होते.

मग पुढचा टप्पा आला. आता सोंग नको, मॅडम म्हणाल्या. खरी, पण रोजच्या जगण्यातली अडचण घेऊन कुणी बसायला तयार असेल तर एकेका शिकाऊनं एकेका माणसाबरोबर काही महिने बसायचं. दार बंद. आतलं बोलणं आत. आत्याबाई लगेच तयार झाल्या. मी नात्यातली म्हणून मला त्या चालणार नव्हत्या. त्या अमेयच्या वाट्याला गेल्या.

पहिल्या दिवशी तासाभरानं दार उघडलं. आत्याबाई तरतरीत, अमेयचा चेहरा गंभीर. तो माझ्याकडं बघून ओळखीचं हसला आणि पाणी प्यायला गेला. तासभर! सासू तासभर कशाबद्दल बोलते? सुनेशिवाय जगात दुसरा विषय असतो का?

घरी आल्यावर मी भाकरी थापत सहज विचारलं, "काय मग, कसं झालं आज?"

"बरं झालं."

"तुमी काय बोलला?"

आत्याबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "गुपित असतंय ते. तुज्याच मॅडमनी सांगितलंय. फुटलं तर त्या अमेयवर येईल. पोराच्या पोटावर पाय दिऊ नगं."

मी अमेयकडं वळले. त्याच्यासाठी धपाटी केली, वर लोणी. त्यानं सगळी खाल्ली आणि म्हणाला, "धपाटी फार छान झालीत." एवढंच. अजून एकदा केली. तेव्हा म्हणाला, "तुमच्या सासूबाई फार धीराच्या आहेत हं." या वाक्यानं मला घोर लागला. धीर? कशाला लागतो धीर? माझ्याबरोबर राहायला?

मग मी चांगलं वागायला लागले. त्यांच्या आधी उठून पाणी तापवायचं, जेवताना मोबाईल लांब ठेवायचा, कालवण त्यांना आवडतं तसं तिखट करायचं. आठ दिवसांनी आत्याबाईंनी मला जवळ बसवून हळूच विचारलं, "काय गं, बरं न्हाई का तुला? का काय दिस गेल्यात?" मिस्टरांची सुट्टी संपून वर्ष होत आलेलं. मी इतक्या घाईनं नाही म्हटलं की त्यांना अजून संशय आला.

तिकडं कुंडलहून मामांचा रोज फोन. सुरुवातीला फोनवर हळद कुठं आहे, मीठ कुठं आहे. मग म्हशीची तक्रार. चंद्री तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून. चंद्री लाथ मारती, चंद्रीनं बादली सांडली. धार काढायला कमलकाकू मदत करत होत्या, पण चंद्रीला त्यांचा हात पटत नव्हता, असं मामांचं म्हणणं. प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला: "कवा येनार?" आत्याबाई म्हणायच्या, "पेंड भिजवून घालताय न्हवं?" चाळीस वर्षांचा संसार, आणि मधे बोलायला म्हैस.

वर्ष संपत आलं तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. वडूजचं काम संस्था वाढवणार होती. तिथं कायमचं कुणीतरी राहणारं हवं होतं, लोकांच्या बोलीत बोलणारं. "तुम्ही अजून सल्ले देता," मॅडम म्हणाल्या, "पण आता देण्याआधी थांबता. मला तुम्ही हव्या आहात."

मला किती आनंद झाला ते मी मॅडमसमोर दाखवलं नाही. जिन्यात जाऊन दाखवला. पण मामांनी फोनवर ऐकलं आणि थेट मुद्द्यावर आले.

"वर्स म्हनलं व्हतं, पोरी. ट्रेनिंग झालं, आता घरी या. म्हशीचं कोन बगनार? तुज्या सासूबिगर ती कुनाला धड दूद दीत न्हाई. म्हस हाय म्हनून घर हाय."

मिस्टर म्हणाले, "आई म्हणेल तसं करा." म्हणजे सगळं येऊन आत्याबाईंवर थांबलं. मी त्यांच्यासमोर बसले. आत नुकतं शिकलेलं सगळं घोळत होतं, आणि तोंडातून फक्त एवढंच आलं, "आत्याबाई, काय करायचं?"

"बगू," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले तर स्वरा खालच्या बाईंकडं लाडू खात बसलेली, आणि आत्याबाई नाहीत. "कुंडलला गेल्या," खालच्या बाई म्हणाल्या. "म्हणाल्या, शुभांगीला सांगा, मागं येऊ नको."

मी लग्न होऊन कुंडलला आल्यापासून आत्याबाई एकट्या एसटीत बसलेल्या मला माहीत नव्हत्या. मी तशीच संस्थेत गेले. अमेय डबा धुत होता.

"अमेय, आत्याबाई न सांगता निघून गेल्या. तुला काय माहीत आहे ते सांग."

त्यानं नळ बंद केला. "नाही सांगता येणार, शुभाताई."

"अरे, म्हातारं माणूस एकटं गेलंय!"

त्यानं डबा खाली ठेवला. जरा विचार करून म्हणाला, "हे बघा. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मॅडमना सांगावंच लागतं, हा नियम तुम्हालाही माहीत आहे. मी सांगितलेलं नाही. यावरून काय समजायचं ते समजा." आणि मग त्याला राहवलं नाही, म्हणाला, "फक्त एवढंच, की तुमच्या जागी मी असतो तर आज त्यांच्यामागं गेलो असतो. बघायला."

मी स्वराला कडेवर घेतलं आणि कराडची गाडी धरली. कराडला कुंडलची. वाटेत उसाचे फड सुरू झाले आणि माझ्या डोक्यात सगळी भावकी अंगणात बसून आत्याबाईंच्या तोंडून माझे वर्षभराचे गुन्हे ऐकतेय असं चित्र सुरू झालं.

दिवस कलायला लागला तेव्हा पोचले. अंगणात मामा बाजल्यावर. धनाजी गोठ्याच्या मेढीला टेकून. भिंतीपलीकडं कमलकाकूंचं डोकं. चंद्री रवंथ करत. आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत आत्याबाई, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. सरावाला बसायच्या अगदी तशा.

"आलीस का?" त्या म्हणाल्या. "म्हनलं व्हतं येऊ नगं. बस आता. कुनी मधी बोलायचं न्हाई. सल्ला तर द्यायचाच न्हाई."

मी पायरीवर बसले. आत्याबाई मामांकडं बघून म्हणाल्या, "मला म्हस नगं."

मामांना कळलं नाही. "म्हंजी?"

"म्हंजी म्हस नगं. ही बी नगं, हिच्या मागली बी नगं. लगीन करून आले, तुमच्या आईनं हातात दावं दिलं. तवापास्नं पाटंचं उठतीया. लाथा खाल्ल्या, शेपटीचं फटकं खाल्लं. माज्या भनीच्या लग्नात अक्षता पडल्या आन् मी न जेवता माघारी आले, धारंची येळ झाली म्हनून. मला तिचा वास सुदीक आवडत न्हाई. पर समदी म्हनत्यात, हिचा म्हशीवर लय जीव. म्हनत्यात, म्हनत्यात, आन् मी बी गप. साताऱ्यात वरीसभर निजले तवा मला कळलं, मला झोप आवडती."

मी माझं नाव येण्याची वाट बघत होते. ते येत नव्हतं.

मामांनी टोपी काढली, परत घातली. माझ्या तोंडाशी चार वाक्यं आली होती. मी ती गिळली. साताऱ्यात वर्षभर जे शिकले ते त्या दोन मिनिटांत वापरलं.

"आगं," मामा शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम पोरासारखा झाला, "मला वाटलं तुजा जीव हाय तिच्यात. म्हनून ठिवली म्या. मला कुठं तिचं कौतिक हाय? मागल्या साली ह्यो धनाजी मागत व्हता, त्येला न्हाई म्हनलं. म्हनलं, नेली तर ही रडंल."

"मी? रडंल?"

"मला काय ठावं!"

"मग एवढी वर्सं इचारलं का न्हाई?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

भिंतीपलीकडून कमलकाकूंचा हसू दाबल्याचा आवाज आला. धनाजी म्हणाला, "काका, मग मी आत्ताच..."

"तू मधी बोलू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. मग मामांकडं वळून, आवाज खाली आणून: "पोरगी वडूजला काम करनार. मी तिच्यासंगं ऱ्हानार, स्वराला कोन हाय? शनवार-रव्वार हितं येनार. तुमाला एकट्याला करमलं न्हाई तर तुमी बी या तिकडं. न यायचं तर नगा येऊ. पर म्हशीचं नाव सांगू नगा. तुमाला आमी हव्या असलो तर तसं म्हना."

मामांनी खालची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाले, "व्हय. करमत न्हाई." आणि उठून आत गेले. थोड्या वेळानं चहा घेऊन आले. सगळ्यांना दिला. आमच्या घरात मामांनी केलेला चहा मी पहिल्यांदा प्यायले. साखर नव्हती. सगळ्यांनी कप रिकामे केले.

चंद्री त्याच संध्याकाळी धनाजीच्या गोठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धनाजीच्या बायकोला भरून बादली दूध दिलं, लाथ नाही, शेपटी नाही. हे ऐकून आत्याबाईंचा चेहरा उतरला. "एवढी वर्सं केलं तिचं," त्या म्हणाल्या, "एक दिस तरी अडायचं."

साताऱ्याला परतताना एसटीत मी विचारलंच, "आत्याबाई, खरं सांगा. अमेयपुढं माझ्याबद्दल तुमी काय बोलला?"

"तुज्याबद्दल?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुजं काय बोलायचं? समदा येळ म्हशीत गेला." मला सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडा अपमानही झाला. पुढं त्यांनीच सांगितलं: अमेयनं एक रिकामी खुर्ची ठेवून तिलाच मामा समजायला सांगितलं होतं. कित्येक आठवडे आत्याबाई त्या खुर्चीला "मला म्हस नगं" म्हणायचा सराव करत होत्या, आणि दर वेळी तोंडातून पेंडच यायची. गावभागातला तो पोरगा, ज्यानं म्हशीला कधी हातही लावला नाही, तो महिनोन्महिने म्हशीबद्दल मान हलवत ऐकत बसला होता.

आता आम्ही वडूजला राहतो. मामा दोन दिवसांसाठी आले ते अजून आहेत. ऊस धनाजीकडं वाट्यानं दिलाय, तरी पाण्याच्या पाळीला ते कुंडलला पळतात. बागायतीत वाढलेला माणूस, वडूजची कोरडी रानं बघून पहिल्या दिवशी म्हणाले, "हितं मानसं प्यात्यात तरी काय?" आता ते इथल्या ज्वारीची तारीफ करतात, पण कुंडलकरांसमोर नाही. आमच्या खोलीसमोर आता माणसं उघड बसतात. सगळी नाही, काही अजून डोळ्यांच्या रांगेतूनच येतात. येऊ देत. अमेय सांगलीला गेला. पहिल्या शेतकरी पेशंटनंतर त्यानं फोन करून सांगितलं, "आधी झोप विचारली."

सगळं गोड आहे असं नाही. शनिवारी कुंडलला कुलूप काढताना बंद घराचा वास येतो, तो मला सहन होत नाही. रिकाम्या गोठ्याकडं आत्याबाईही बघायचं टाळतात. कुंडलमध्ये माझ्या तोंडून चुकून ‘आहे’ निघालं की जावा म्हणतात, "मॅडम झाली गं!" वडूजमध्ये ‘कुंडलची बाई’ म्हणूनच ओळखतात. स्वराला कुणी गाव विचारलं तर ती आधी वार कुठला ते विचारते.

परवा मिस्टर सुट्टीवर आले. शुक्रवार होता. दुपारी कराडच्या स्टँडवरून फोन. आम्ही चौघंही फोनभोवती.

"पोचलो कराडला," ते म्हणाले. मग जरा थांबले. "शुभांगी, मी घरी येतोय खरा. पण कुठल्या गाडीत बसू?"

मी म्हटलं, वडूज. मामा म्हणाले, उद्या शनिवार, कुंडलला जाऊ दे त्याला. स्वरा म्हणाली, वडूज, पप्पांना माझी शाळा दाखवायचीय. मामा म्हणाले, आगं पर उसाला पाणी आलंय. कराडच्या स्टँडवरचा कंडक्टर ओरडतोय, पलीकडून मिस्टर हॅलो हॅलो करतायत, आणि इकडं आमचं काही ठरेना. आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"इकास," त्या म्हणाल्या, "जी आदी लागंल ती धर. आमी तितं येतो."

फोन ठेवून त्यांनी पिशवी भरायला घेतली. मी स्वराला चपला घातल्या, मामांनी कुलूप हातात घेतलं, आणि मिस्टरांना कुठली गाडी मिळते ते कळायची वाट बघत आम्ही चौघं उंबऱ्यावर बसलो.